एकाच जागी एकवीस वेळा

माझी सून कडी करते. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी तिच्या हाताकडे बघतो, मग कानाकडे. मी म्हणतो, अंगावर शोधू नका, ती कडी दिसत नाहीत. एका नखावर अशी किती मावतील, असं मी तिला एकदा विचारलं होतं. तिने तीन लिहून पुढे शून्यं काढायला सुरुवात केली. शून्यं भिंगरीने मोजली, ती तेरा भरली. भिंगरी म्हणजे माझी नात, वय वर्षं सात. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी.

आधी कड्यांबद्दल सांगतो, मग सुनेबद्दल. खरं तर दोन्ही एकच आहे, पण कडं काय ते कळल्याशिवाय पुढचा घोळ कळायचा नाही.

एका कड्यात आठ अणू गोल करून बसलेले असतात. सात क्रोमियमचे आणि एक निकेलचा. नळाच्या तोटीला जो चकचकीत मुलामा असतो ना, तो क्रोमियम. प्रत्येक अणू म्हणजे एक बारकंसं लोहचुंबक, आणि चुंबक म्हटलं की त्याला तोंड आलं. आता या मंडळींची खोड अशी की शेजारी ज्या बाजूला बघतो त्याच्या बरोबर उलट बाजूला बघायचं. एक दाराकडे तर दुसरा भिंतीकडे, तिसरा परत दाराकडे. आठही सारखेच असते तर चार दाराकडे, चार भिंतीकडे, सगळं फिटून हाती काहीच उरलं नसतं. म्हणून त्यात एक निकेलचा बसवायचा. तो इतरांपेक्षा कमी जोराचा, म्हणून भिंतीकडची बाजू जरा हलकी पडते आणि दाराकडे थोडं काहीतरी उरतं. ते जे थोडं उरतं, त्याच्यामागे जगभरातली शहाणी माणसं लागलेली आहेत. पुढेमागे त्यात संगणकाच्या हिशेबाचं एक घर साठवता येईल, असं म्हणतात. येईल तेव्हा येईल. आमच्या घरात मात्र त्या उरलेल्या थोड्याने सहा वर्षं मुक्काम ठोकला होता.

सून आमच्या घरी आली तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचा धुण्याचं काम करायची. नळ्या, चंबू, बाटल्या. तिचे वडील कोपऱ्यावर बसून किल्ल्या करून द्यायचे. सगळ्या वस्तूंवर चिठ्ठ्या लावायची सवय त्यांचीच. आठवड्याभरात आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तारखा आल्या. साबणाच्या वडीच्या कागदावर, ती कधी फोडली त्याची तारीख. माझा मुलगा बस चालवतो. तो म्हणाला, "बाबा, झोपताना जरा जपून. सकाळी कपाळावर चिठ्ठी असायची."

दुसरी सवय म्हणजे ती आकडा कधी टाकून देत नाही. एकदा माझा रक्तदाब वाढला. दवाखान्यात कंपाउंडर तीन वेळा मोजायचा आणि तिन्हींची सरासरी काढून डॉक्टरांना सांगायचा. ही माझ्याबरोबर यायची आणि तिन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्यायची. चौथ्या खेपेला डॉक्टर गोळी वाढवायला निघाले, तर ही वही पुढे करून म्हणाली, "डॉक्टर, पहिला आकडा दर वेळी जास्त आहे, तिसरा दर वेळी ठीक आहे. बाबा तीन जिने चढून येतात आणि लगेच मोजतात." डॉक्टरांनी वही बघितली, कंपाउंडरकडे बघितलं, आणि माझी गोळी आहे तेवढीच राहिली. त्या दिवसापासून मला दवाखान्यात आधी अर्धा तास बाकावर बसवतात. बाकावर ओळखी फार होतात, पण ते राहू दे.

मी नोकरीला होतो धान्याच्या गोदामात. आलेल्या पोत्यांची तपासणी करायची. त्यासाठी एक पोकळ सळई असते. पोत्यात खुपसायची, ओढली की सळईच्या खाचेत आतले मूठभर दाणे येतात. ते तळहातावर पसरून बघायचे. कीड आहे का, ओल आहे का, खडा किती. त्यात एक नियम आहे. एकदा जिथे सळई घातली तिथे परत घालायची नाही. भोकाभोवतीचे दाणे हललेले असतात, वरचा माल खाली घसरलेला असतो, तिथून जे निघेल ते पोत्याबद्दल खरं सांगत नाही. म्हणून नवं पोतं, नवी जागा, आणि घातलेल्या भोकावर खडूची फुली.

यावर माझी एक ठरलेली गोष्ट होती. मी ती सुनेला ती आली त्याच आठवड्यात सांगितली. दोनशे पोत्यांची एक रास आली होती, उन्हाने जीव नकोसा झाला होता, आणि माझ्याबरोबरच्या तपासनिसाने आळस करून खालच्या पोत्यात एकाच भोकात पुन्हापुन्हा सळई घालून सगळी रास चांगली ठरवली. मी मात्र शिडी लावून वर चढलो, नवं भोक पाडलं, तर आतून काळी भुकटी आणि किडे. अशी ती गोष्ट. सुनेने सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "सळई किती लांब होती, बाबा?" मी हाताने दाखवली. "मग पोत्याच्या मधोमध पोचत नसेल," ती म्हणाली. तेव्हाच ओळखलं की ही बाई काचा धुण्यात फार काळ राहायची नाही.

राहिलीही नाही. झालं काय, एका संध्याकाळी धुवायला बारा चंबू आले. अकरा तिने धुतले. बाराव्याच्या तळाशी खसखशीएवढे हिरवे दाणे दिसले. तिने तो धुतला नाही, वर चिठ्ठी लावली, "धुतला नाही. आत काहीतरी आहे," आणि खिडकीपासून लांब ठेवला. चार दिवसांनी तिथल्या प्राध्यापकांनी, म्हणजे आम्ही ज्यांना आता सर म्हणतो त्यांनी, तो उचलला. त्यांचे विद्यार्थी ज्या हिरव्या स्फटिकांसाठी सहा महिने डोकं आपटत होते, ते त्या चंबूत आपले आपण जमले होते. सरांनी विचारलं, "हे कुणी लिहिलं?" सुनेला वाटलं, आता बोलणी बसणार. ती म्हणाली, "मी. पण बाकीचे अकरा धुतलेत."

त्या हिरव्या दाण्यांत ती कडी होती. पुढे सरांच्याच आग्रहाने ती परत शिकायला लागली, आणि एकेक परीक्षा देत पीएचडीपर्यंत पोचली. बत्तिसाव्या वर्षी, पाळण्यात भिंगरी, दिवसा कॉलेजची नोकरी आणि उरलेल्या वेळात संशोधन. मुलगा म्हणायचा, "घरात कुणीतरी परीक्षेला बसलेलं असलं की बरं असतं. बाबांना हळू बोलायला सांगता येतं."

आता घोळाकडे येतो.

दाण्यांच्या भुकटीत कडी चांगली असतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण भुकटीचा उपयोग काय? उपयोग करायचा तर कडी एकेरी थरात कशावर तरी बसवायला हवीत. हिने ती सोन्याचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर बसवली. कड्यांना गंधकाचे पाय लावायचे, गंधक सोन्याला धरून बसतं. प्रश्न एवढाच होता, की सोन्यावर बसल्यावर कडं शाबूत राहतं की फुटतं. शाबूत असेल तर निकेल क्रोमियमच्या उलट बघत असेल. फुटलं असेल तर निकेल सुटा होणार, आणि सुटा चुंबक मोजताना बाहेर लावलेल्या मोठ्या चुंबकाकडे तोंड करतो, म्हणजे क्रोमियम बघतो तिकडेच.

पदवीचं शेवटचं प्रकरण या एका प्रश्नावर अडलं होतं. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी मिळणार नव्हती. चार महिन्यांत प्रबंध द्यायचा, नाहीतर सहा वर्षं गेली. आणि हा प्रश्न सुटेल अशी जागा होती आमच्यापासून आगगाडीने दीड दिवसावर. तिथे वेळ मागायला अर्ज करावा लागतो. हिचे दोन अर्ज परत आले, तिसऱ्याला सहा दिवस मिळाले. पुढची पाळी आली असती तर नऊ महिन्यांनी.

मुलाला रजा मिळेना. भिंगरीला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. मी म्हटलं, मी येतो. सून म्हणाली, "बाबा, तिथे सहा दिवस माझ्याशी कुणी बोलू शकणार नाही." मी म्हटलं, "भिंगरी आहे ना." भिंगरी म्हणाली, "मी पण बोलणार नाही, मी चित्रं काढणार आहे."

ती जागा म्हणजे एक भलंमोठं गोल छप्पर. आत एका गोल नळीतून विजेचे कण पळत असतात, आणि वळणावर वळताना त्यांच्यापासून क्ष-किरण सुटतात. ते किरण बाजूबाजूच्या खोल्यांत नेतात. वर काचेचा सज्जा आहे, पाहुण्यांनी तिथून बघायचं. पहिल्या दिवशी भिंगरीने वरून बघत आईला विचारलं, "एवढं मोठं कडं कशाला?" सून म्हणाली, "एवढंसं कडं बघायला." भिंगरीला ते पटलं नाही. मलाही जरा वेळच लागला.

मी जे समजलो ते असं. आमच्या शाळेत एकच गुरुजी होते आणि चार इयत्ता एकाच खोलीत. गुरुजी म्हणायचे, "तिसरी," की तिसरीचीच पोरं हजर म्हणायची, बाकीची गप्प. क्ष-किरणांचंही तसंच. त्यांचा जोर एका मापाला ठेवला तर फक्त क्रोमियम हजेरी देतो, दुसऱ्या मापाला ठेवला तर फक्त निकेल. आठ जण एकमेकांना खेटून बसलेले असले तरी ज्याला हाक मारली तोच बोलतो. वर आणखी एक करामत आहे. किरणांना पीळ देता येतो, सुंभाला देतो तसा. एकदा उजवा पीळ देऊन हाक मारायची, एकदा डावा. दोन्ही वेळच्या उत्तरांत जो फरक पडतो त्यावरून बोलणाऱ्याचं तोंड कुठे आहे ते कळतं. हे सगळं इतक्या थंडीत, की त्याहून थंड काही असूच शकत नाही तिथपासून दोनच पावलं अलीकडे. तेवढी थंडी द्रवरूप हेलियमने येते. ती सांभाळणारा तिथला एक माणूस होता, त्याला सगळे थंडीमास्तर म्हणत. तो दर तासाला नळीवर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायचा. मी विचारलं, काय ऐकू येतं? म्हणाला, "काही नाही. पण नाही वाजवलं तर मला बरं वाटत नाही." चांगला माणूस.

रोज सकाळी सहा ते रात्री दहा अशी आमची वेळ. पहिले तीन दिवस हवा काढणं, थंड करणं आणि आधी भुकटीवर खात्री करून घेणं यात गेले. भुकटीत सगळं ठीक होतं. क्रोमियमची रेघ खाली, निकेलची वर, म्हणजे एकमेकांच्या उलट. चौथ्या दिवशी सकाळी सोन्याची पट्टी लावली.

पट्टीवर एकच थर, त्यामुळे उत्तर अगदी क्षीण येतं. खूप जणांच्या गोंगाटात एकाने कुजबुजावं तसं. म्हणून तेच तेच मोजायचं आणि बेरीज करायची. गोंगाट एकमेकांना खातो, कुजबुज साठत जाते. भुकटीला ही रीत चालली होती, म्हणून सरांनी सांगून ठेवलं होतं की जागा हलवू नका, एका जागी वीस-बावीस वेळा मोजा, यंत्राला बेरीज करू द्या. जागा हलवली की किरण परत नेमका बसवायला अर्धा अर्धा तास जातो. हिने सगळं सरांच्या सांगण्याप्रमाणे केलं, फक्त यंत्राला बेरीज करू दिली नाही. एकवीस फेऱ्या, एकवीस वेगळ्या नोंदी. सर याला ताईंची रद्दी म्हणायचे.

दुपारी ती उपाहारगृहात आली. भिंगरी आणि मी जेवत होतो. तिने ताट घेतलं आणि बाजूला ठेवलं. तेवढ्यात सरांचा फोन आला. तिने तो टेबलावर ठेवून बोलणं मोठ्याने लावलं, कारण एका हाताने ती भिंगरीचं नाक पुसत होती.

"तू पाठवलेली बेरीज बघितली," सर म्हणाले. "निकेल फिरलाय."

"हो सर."

"हो सर काय? क्रोमियमच्याच बाजूला बघतोय तो. म्हणजे सोन्याने त्याचं तोंड फिरवलं. असं कुणीही दाखवलेलं नाही अजून. तुला कळतंय का?"

"फुटलं असेल तरी असंच दिसेल ना सर."

"फुटलं असतं तर क्रोमियमची रेघ अशी आली नसती. जवळजवळ भुकटीसारखी आहे ती."

"जवळजवळ."

"हे बघ, आता दुसरी पट्टी लाव. ठरल्याप्रमाणे उरलेले दोन दिवस तिला दे. दोन पट्ट्यांवर हेच दिसलं की प्रकरण पुरं, आणि प्रकरण नुसतं पुरं नाही, लोक वाचतील असं. मी आजच लिहायला घेतो."

"सर, मी पहिल्या पाच फेऱ्यांची बेरीज वेगळी करून बघितली. आणि शेवटच्या पाचांची वेगळी."

"पाचांत काय दिसणार? धुरळा."

"धुरळाच आहे. पण पहिल्या पाचांत निकेल उलटा वाटतो."

"वाटतो," सर म्हणाले. "तू जेवलीस का?"

"नाही."

"मग आधी जेव." आणि फोन ठेवला.

मी गप्प बसलो. मी गप्प बसलो की भिंगरी माझ्या कपाळाला हात लावून बघते. सून माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुमचा रक्तदाब आठवतो? तीन जिन्यांचा?"

"आठवतो की."

"तसं आहे हे. पहिला आकडा वेगळा, शेवटचा वेगळा. आपण सरासरी काढून खूश झालोय." तिने पाण्याचा घोट घेतला. "किरणच फोडत असावा. जाड भुकटीला काही होत नाही. एकेरी थराला तीन तास एकाच जागी चटका बसला तर कडं कसं टिकेल? आधी शाबूत होती, आम्ही बघता बघता फोडली. असं असेल तर सर जे लिहायला बसलेत ते आमच्याच चटक्याचं चित्र आहे."

"आणि असं नसेल तर?"

"नसेल तर मी दोन दिवस वाया घालवीन, दुसरी पट्टी राहील, आणि सर माझ्याशी बोलणार नाहीत." मग ती भिंगरीला म्हणाली, "तुझ्या गणिताच्या वहीचं एक पान दे."

"चौकटीचं?"

"चौकटीचंच. आणि लाल खडू."

"कशाला?"

"खड्डे मोजायला."

भिंगरीने पान फाडून दिलं, लाल खडू मात्र परत आणायच्या बोलीवर. सून उभ्याउभ्याच चार घास खाऊन गेली.

मला त्या दुपारी चैन पडेना. तिने "एकाच जागी" म्हटलं तेव्हापासून माझी सळईची गोष्ट घशाशी येऊन बसली होती. कारण ती गोष्ट मी तीस वर्षं ज्या तऱ्हेने सांगत आलो, ती तशी घडली नव्हती. आळस करणारा दुसरा तपासनीस कुणी नव्हताच. एकाच भोकात सळई घालणारा मी. दोनशे पोती, अंगाची लाही, आणि खालचं भोक हाताशी. मी तिथूनच पंचवीस वेळा दाणे काढले, पंचवीस पोत्यांच्या नावाने लिहिले आणि रास चांगली म्हणून सही केली. कीड सापडली ती झाडलोट करणाऱ्या बाईला, राशीमागे काळी भुकटी सांडलेली दिसली म्हणून. तोवर अर्धी रास गिरणीत गेली होती. सगळ्यांनी गळक्या छपराला दोष दिला. मला कुणी काही विचारलं नाही, मीही बोललो नाही. पुढे दोन-तीन वर्षांनी ती गोष्ट मी कुणालातरी सांगितली, तर तोंडातून निघताना मी शिडीवर चढलेला होतो. मग तिथून उतरलोच नाही.

सून रात्री दहानंतर खोलीवर आली आणि लगेच झोपली. पाचव्या दिवशी सकाळी दहाला, चहाच्या यंत्रापाशी ती येते हे माहीत असल्यामुळे, मी भिंगरीला सज्ज्यात चित्रं काढायला बसवून खाली गेलो. थंडीमास्तर तिथेच पेला भरत होता. मी सुनेला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. शिडी नव्हती, दुसरा माणूस नव्हता, सही माझी होती. म्हटलं, "तू सरांचं ऐकून सही करू नकोस. माझं काही वाकडं झालं नाही. पण ती रास मला अजून दिसते."

ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, मी काल दुपारीच जागा बदलली."

"काल?"

"जेवून गेले ती त्यालाच लागले. आता अठरा जागा झाल्या." तिने खिशातून भिंगरीच्या वहीचं पान काढलं. पट्टीचा चौकोन, त्याची अठ्ठेचाळीस घरं, अठरा घरांत लाल फुली. "एका जागी एकच फेरी. मग तिथे परत जायचं नाही. किरण बसवायलाही ती जागा वापरत नाही, कडेच्या मोकळ्या पट्टीवर बसवते."

मी पान हातात घेऊन उभा राहिलो. फुल्या अगदी गोदामातल्या खडूसारख्या.

"त्या झाडणाऱ्या बाईंना तुम्ही सांगितलंत का?" तिने विचारलं.

"काय?"

"की चूक छपराची नव्हती."

"नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. रागाची नव्हती. आकडा लिहून घेताना हलवते तशी. मग चहा घेऊन ती आत गेली. थंडीमास्तर माझ्याकडे बघून म्हणाला, "आजोबा, ताईंना एक समजवा. इतकी हलवाहलव केली की पट्टी दर वेळी थोडी तापते. हेलियम सहाव्या दिवसाला पुरायचं नाही."

"तुम्ही सांगितलंत का तिला?"

"चारदा."

"मग झालं तर. पाचव्यांदा माझं कोण ऐकतंय?"

पाचव्या दिवशी संध्याकाळी सरांचा पुन्हा फोन आला. आम्ही जेवायच्या टेबलाशीच होतो.

"दुसऱ्या पट्टीचं काय झालं?"

"ती लावलीच नाही सर. पहिलीवरच नवीन जागा घेतेय."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालोच असतो."

"म्हणून."

"आणि काय दिसतंय?"

"अजून काही नाही. तीस जागा झाल्यात, आणि कुजबुज गोंगाटाखालीच आहे."

"म्हणजे माझं लिहिणं थांबवायचं, आणि हातात काही नाही."

"सध्या तरी नाही, सर."

सरांनी या वेळी जेवलीस का विचारलं नाही. सुनेचा चेहरा उतरला होता. भिंगरीने तिला विचारलं, "लाल खडू संपला का?" सुनेने खिशातून खडूचा तुकडा काढून दाखवला, नखाएवढा. भिंगरीने तो बघितला, आपली पेटी उघडली आणि त्यातला नारिंगी काढून दिला. म्हणाली, "यापुढे नारिंगी. पण आई, हा परत आणच."

सहाव्या दिवशी सकाळी नऊला हेलियम संपलं. थंडीमास्तरने नळीवर टकटक केली, कान लावला, आणि हात पुसले. एकेचाळीस जागा झाल्या होत्या, सात राहिल्या. पट्टी तापायला लागली, चुंबक उतरवला, खोलीतले दिवे लागले. मी आणि भिंगरी वरच्या सज्ज्यात होतो. खाली सून पडद्यासमोर बसून एकेचाळीस नोंदी एकमेकींत मिळवत होती, एकावर एक. मला वरून पडदा दिसत होता पण रेघेतलं काही कळत नव्हतं. मी तिच्या खांद्यांकडे बघत होतो. पंधरा-वीस मिनिटं ती हलली नाही. मग तिने डावा हात उचलला आणि पाठीमागे न बघताच थंडीमास्तरला बोलावलं. तो वाकून बघायला लागला. त्याने बोट एकदा खाली नेलं आणि एकदा वर. सुनेने मान हलवली, आणि या वेळची मान मला ओळखीची नव्हती.

निकेल उलटाच होता. कडी सोन्यावर शाबूत होती. पहिल्या अर्ध्या तासापर्यंत तरी. त्यानंतर किरण त्यांना फोडत होता आणि सुटा झालेला निकेल मोठ्या चुंबकाकडे वळत होता. सरांचा शोध गेला. हाती राहिलं ते साधंच उत्तर, जे तीन वर्षांपूर्वी तिने स्वतःच प्रबंधाच्या पहिल्या पानावर अंदाज म्हणून लिहिलं होतं.

सरांनी दिवसभर काही कळवलं नाही. परतीच्या गाडीत रात्रीचं जेवण आटोपत होतो तेव्हा त्यांचा निरोप आला. सुनेने वाचून दाखवला. "पहिल्या पाचांची बेरीज, शेवटच्या पाचांची बेरीज आणि एकेचाळीस जागांची बेरीज अशी तीन चित्रं शेजारी शेजारी लाव. किती वेळात फुटतं ते मिनिटांत काढ. तेच प्रकरण. रद्दी जपून ठेव." शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं.

प्रबंध मुदतीच्या आठ दिवस आधी गेला. तोंडी परीक्षेला घरच्यांना बसता येतं म्हणून आम्ही तिघं मागच्या बाकावर होतो, मुलगा गणवेशातच, कारण दुपारी त्याची फेरी होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "एकेचाळीसच जागा का? काही गणित आहे यामागे?"

"हेलियम संपलं," सून म्हणाली.

परीक्षक हसले. मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, "डिझेल संपलं म्हणावं तसं म्हणाली." मग परीक्षकांनी तिला आणखी दीड तास सोडलं नाही. शेवटच्या प्रश्नाला तिने भिंगरीच्या वहीचं ते पान वर धरून दाखवलं, लाल फुल्या आणि अकरा नारिंगी. ते पान आता प्रबंधाला जोडलेलं आहे, अगदी शेवटी. भिंगरीने पानावर आपलं नाव असावं असा हट्ट धरला होता, तेव्हा कोपऱ्यात तेही आहे. नारिंगी खडू मात्र परत मिळाला नाही, याची आठवण ती अजून करून देते.

परवा मुलाचे दोन सोबती जेवायला आले होते. बोलता बोलता धान्याचा विषय निघाला, आणि मुलगा म्हणाला, "बाबा, तुमची सळईची गोष्ट सांगा." मी सुरू केली. दोनशे पोती, ऊन, खालचं भोक. "आणि मी तिथूनच पंचवीस वेळा सळई घातली," मी म्हटलं, "आणि सही केली."

भिंगरीने ताटातून मान वर केली. तिला ती गोष्ट पाठ आहे. "आजोबा, चुकलं. तो दुसरा माणूस होता. तुम्ही शिडी लावता."

"शिडी नव्हती," मी म्हटलं.

"होती. तुम्ही वर चढता आणि किडे निघतात."

"किडे झाडणाऱ्या बाईंना दिसले."

भिंगरीने आईकडे बघितलं. सून वाढत होती. म्हणाली, "पुढे ऐक. बाबा, सांगा. कितव्या पोत्यापर्यंत गिरणीत गेलं होतं?"

"नक्की आठवत नाही. शंभर असतील."

"बरं," ती म्हणाली, "शंभर," आणि मला आणखी एक पोळी वाढली.